सिलिंडर लवकर संपतो, टोपांची बुडे काळी होतात : शेगडीची तपासणी कोणत्या क्रमाने करावी

परळ, लालबाग आणि दादर या भागांत मी गेली २२ वर्षे गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो आहे. या काळात लोखंडी पत्र्याच्या शेगड्या गेल्या, स्टीलच्या आल्या आणि आता ओट्याओट्यावर काचेच्या दिसू लागल्या, परंतु तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत येते : "दादा, पूर्वी सिलिंडर दीड महिना जायचा, आता महिनाभरही पुरत नाही." सिलिंडरच कमी भरून येतो, असा निकाल मला बोलावण्यापूर्वीच घरात लागलेला असतो. तसे कधीच घडत नाही असे मी म्हणणार नाही. मात्र माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक घरांत सिलिंडर भरलेलाच होता आणि गॅस वाया जात होता तो जेटपासून, म्हणजे गॅस ज्या बारीक छिद्राच्या पितळी तोटीतून बर्नरच्या नळीत सुटतो तेथपासून, टोपाच्या बुडापर्यंतच्या वीतभर अंतरात. ते वीतभर अंतर कसे तपासावे आणि कोठे हात आखडता घ्यावा, हे येथे क्रमाने लिहितो. पहिल्या चार-पाच तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

लक्षणे

पुढीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील, तर दोष शेगडीत किंवा ती वापरण्याच्या पद्धतीत आहे असे समजावे.

– ज्योतीची टोके निळी न राहता पिवळी होतात आणि लवलवतात.
– टोपाच्या बुडाला बोट लावल्यास काळी काजळी बोटाला येते.
– तेवढ्याच दुधाला उकळी येण्यास पूर्वीपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ लागतो.
– बर्नरच्या एका बाजूला ज्योत उंच असते आणि दुसऱ्या बाजूची भोके पेटतच नाहीत.
– पेटवताना किंवा बंद करताना "फट्" असा आवाज येतो.
– कुकरच्या झाकणाच्या कडेने वाफ निघत राहते आणि शिट्टी उशिरा होते.

गॅसचा वास येत असेल, तर मात्र यांतील एकही तपासणी करू नये. शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करावेत, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये. चालू असलेला दिवा चालू राहू द्यावा आणि बंद असलेला पंखा बंदच राहू द्यावा, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. त्यानंतर घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो ओट्याखाली आणि जमिनीलगत साचतो, म्हणून केवळ खिडकीची वरची झडप उघडून भागत नाही, दारही उघडावे लागते. नळाने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असतो आणि वर जातो. तेथे स्वयंपाकघरातील पुरवठ्याचा व्हॉल्व्ह बंद करून बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

तारीख, वजन आणि आंघोळीचे पाणी

पहिली तपासणी पेन्सिलीची आहे. सिलिंडर जोडला त्या दिवशीची तारीख कॅलेंडरवर लिहावी. "लवकर संपला" ही पुष्कळदा केवळ भावना असते. गणपतीत पाहुणे होते, दिवाळीचा फराळ झाला, मुलांना सुट्टी होती, हे हिशेब तारीख लिहिल्याशिवाय समोर येत नाहीत. नवा सिलिंडर घेताना वजन करून मागावे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. त्या दोन्हींची बेरीज साधारण ३० किलोच्या आसपास जाते. काट्यावर ती जुळली, तर कमी भरल्याचा संशय त्या महिन्यापुरता तरी सोडून द्यावा.

संशय सोडल्यावर विचारायचा प्रश्न असा की, आंघोळीचे पाणी कोठे तापते? मुंबईत घर उबदार ठेवण्यासाठी कोणी इंधन जाळत नाही, आपल्याकडे तापवले जाते ते अन्न आणि पाणी. १५ लिटरची एक बादली २७ अंशांवरून ४२ अंशांवर नेण्यासाठी, शेगडीची ६० टक्के उष्णता पाण्यात उतरते असे धरले, तर सुमारे ३४ ग्रॅम गॅस लागतो. चार माणसांच्या चार बादल्या रोज धरल्या, तर महिन्याला ४ किलोपेक्षा थोडा अधिक गॅस होतो, म्हणजे सिलिंडरचा चौथ्या भागाहून जास्त हिस्सा मोरीत जातो. पावसाळ्यात गीझर बिघडला म्हणून आठ-दहा दिवसांसाठी टोप शेगडीवर चढतो आणि गीझर दुरुस्त झाल्यावरही तेथेच राहतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. विजेच्या गीझरमध्ये जवळजवळ सगळी उष्णता पाण्यात उतरते. शेगडीवर बरीचशी टोपाच्या कडेने छताकडे जाते.

ज्योत अंधारात पाहावी

रात्री स्वयंपाकघरातील दिवा मालवून, शेगडीवर काहीही न ठेवता, दोन्ही बर्नर एकेक करून पेटवावेत. निरोगी ज्योत निळी असते, तिच्या आत लहानसा, कडा स्पष्ट असलेला फिकट निळा शंकू दिसतो आणि ती भोकाला चिकटून शांतपणे जळते. या तपासणीला महत्त्व आहे, कारण पुढची निम्मी उत्तरे तिच्यातच असतात. एक भाग गॅस पूर्ण जळण्यासाठी त्याच्या २५ ते ३० पट हवा लागते. त्यातील काही हवा बर्नरखालच्या नळीत गॅसमध्ये मिसळते आणि उरलेली ज्योत आजूबाजूने ओढून घेते. नळीत हवा कमी पडली की गॅसमधील कार्बन न जळता तापून पिवळा चमकतो आणि टोपाच्या बुडावर काजळी होऊन बसतो. हवा जास्त झाली, तर उलट ज्योत भोकापासून सुटून वर उडते आणि घोंघावते.

येथे एक फसगत होते. भात उतू गेला किंवा आमटीचे थेंब बर्नरवर सांडले, तर मिठामुळे ज्योतीत केशरी-पिवळे झोत दिसतात. ते काही मिनिटांत निघून जातात आणि त्यांनी बूड काळे होत नाही. शंका असल्यास स्वच्छ घासलेला स्टीलचा टोप पाणी घालून पाच मिनिटे ठेवावा आणि बूड पाहावे. बूड स्वच्छ असेल तर रंग मिठाचा होता. काळे झाले असेल तर हवेची तक्रार खरी आहे.

वारा, टोप आणि झाकण

समुद्राकडे खिडकी असलेले स्वयंपाकघर म्हणजे भाग्य समजले जाते. शेगडीच्या दृष्टीने ते तसे नाही. दुपारनंतर वारा सुटला की ज्योत टोपाखालून एका बाजूला ढकलली जाते आणि अर्धी उष्णता भिंतीला लागते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतील पंख्यानेही हेच होते. खिडकी बंद करू नये, कारण हवा खेळती राहिलीच पाहिजे. शेगडीला आडोसा होईल अशा प्रकारे खिडकीचे एक दार लोटावे किंवा शेगडी ओट्यावर हातभर सरकवावी. नळी तेवढी पुरत असेल तरच सरकवावी, ताणून नव्हे.

ज्योत टोपाच्या बुडाबाहेर येता कामा नये. लहान टोपात चहा ठेवून मोठा बर्नर पूर्ण उघडला, तर ज्योतीचा बाहेरचा वेढा केवळ टोपाचे कान तापवतो. चहा, फोडणी आणि दोन माणसांचा भात ही लहान बर्नरची कामे आहेत.

झाकणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे वाचणारा गॅस कोणत्याही दुरुस्तीने वाचत नाही. एक लिटर पाणी २८ अंशांवरून उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे साडेसात पट उष्णता तेच पाणी पूर्ण वाफ करून उडवण्यास लागते. उकळी आल्यानंतर आच कितीही वाढवली तरी उघड्या टोपातील पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. डाळ लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त निघते आणि त्या वाफेचे पैसे आपण भरतो. म्हणून उकळी येताच आच कमी करावी आणि झाकण ठेवावे. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते, त्यामुळे डाळ खरोखर लवकर शिजते. परंतु कडेने वाफ गळत असेल तर तो दाब तयारच होत नाही. कुकरची रिंग काढून बोटांत वाकवून पाहावी : ती कडक झाली असेल, तिला बारीक भेगा असतील किंवा ती सैल पडून खाचेतून निसटत असेल, तर त्याच कंपनीची आणि त्याच मापाची नवी रिंग आणावी. माझ्याकडे "शेगडीची आच लागत नाही" म्हणून आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी या रिंगेपाशी मिटल्या आहेत आणि त्यांचे मी पैसे घेतलेले नाहीत, कारण त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करावी. शिट्ट्या मोजून डाळ शिजवण्याची सवय लागलेल्यांना हे पटत नाही, परंतु शिट्टी म्हणजे कुकरने नको म्हणून बाहेर टाकलेली वाफ आहे. डाळ आणि कडधान्ये आधी भिजवली असतील, तर आचेवरचा वेळ आणखी कमी होतो.

टोपाच्या आत पांढरा थर बसला असेल तर तोही घासून काढावा. महापालिकेचे तलावांचे पाणी मऊ असल्यामुळे हा त्रास मुंबईत सहसा होत नाही. टँकरचे किंवा बोअरिंगचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत तो दिसतो.

बर्नरची टोपी

येथपासून हाताला काळे लागते. शेगडी थंड असताना, रेग्युलेटर बंद करून, बर्नरवरच्या टोप्या उचलाव्यात. त्या कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून अर्धा तास भिजवाव्यात आणि जुन्या दातांच्या ब्रशने भोके घासावीत. भोकांत अडकलेले कण झाडूच्या काडीने किंवा लाकडी टूथपिकने काढावेत. टोपी संपूर्ण वाळल्याशिवाय परत ठेवू नये. भोकात पाण्याचा थेंब राहिला, तर ज्योत तेथे तुटते आणि स्वच्छ करूनही बिघडली असे वाटते. ठेवताना टोपी खाचेत नीट बसली आहे का, ते बोटाने हलवून पाहावे. डुगडुगणाऱ्या टोपीच्या कडेने गॅस निसटतो आणि तेथेच एक उंच पिवळी जीभ दिसते. टोपी वाकडी झाली असेल किंवा भोके झिजून मोठी झाली असतील, तर ती घासून उपयोग नाही, बदलावी लागते.

त्याच वेळी टोप ज्यावर ठेवतो ते स्टँडही पाहावे. मूळ स्टँड मोडल्यावर बाजारातून आणलेले बुटके स्टँड बसवले, तर थंड बूड थेट ज्योतीच्या आतल्या शंकूला टेकते, ज्वलन अर्धवट राहते आणि उत्तम बर्नरही काजळी धरू लागतो. या कारणाकडे दुरुस्ती करणाऱ्यांचेही पुष्कळदा लक्ष जात नाही.

आता छिद्रांत पिन घालण्याच्या सवयीविषयी. लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी मला श्रावणात बोलावले होते. ज्योत हातभर उंच आणि पिवळीधमक होती, टोप तव्यासारखे काळे झाले होते. आजींनी शेगडी अगदी चकचकीत ठेवलेली होती आणि दर शनिवारी त्या स्वतः ती साफ करत असत. टोप्या स्वच्छ, नळी स्वच्छ. मी जेट काढून खिडकीच्या उजेडासमोर धरला, तेव्हा त्याचे छिद्र गोल न दिसता लांबट दिसले. "आजी, यात काही घालता का?" असे विचारल्यावर त्यांनी फळीवरच्या डब्यातून रॉकेलच्या स्टोव्हची पिन काढून दाखवली. स्टोव्हला पिन मारल्याशिवाय तो पेटत नसे, त्यामुळे ती सवय त्यांच्या हातात होती. परंतु गॅसचा जेट पितळेचा असतो आणि त्याचे छिद्र मोजून पाडलेले असते. पोलादी पिन त्यात फिरवली की ते मोठे होते, गॅस जास्त येतो, हवा मात्र तेवढीच राहते. नवा जेट बसवल्यावर ज्योत पाच मिनिटांत निळी झाली. पिन आजींनी डब्यात परत ठेवली. फेकून देण्याचा आग्रह मी केला नाही.

बर्नरखालची नळी

टोप्या स्वच्छ करूनही ज्योत पिवळीच राहिली, तर बहुतेक वेळा हवा मिसळण्याची नळी तुंबलेली असते. मुंबईच्या दमट हवेत तिला आतून गंज चढतो आणि उतू गेलेले दूध तिच्यात जाऊन सुकते. झुरळांना तर ती ऊबदार, अंधारी जागा फारच आवडते. मी उलट्या केलेल्या शेगड्यांतून मोहरी, काडेपेटीच्या जळक्या काड्या, करपलेल्या भाताची शिते आणि झुरळांच्या अंड्यांचे तांबूस कोश पडलेले पाहिले आहेत. नळी अर्धी तुंबली तरी बाहेरून काहीच दिसत नाही.

स्टीलची शेगडी आणि सिलिंडर असेल, तर हे काम घरी करता येते. रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढावा, सिलिंडरला सुरक्षा टोपी लावावी, मग शेगडी वर्तमानपत्रावर उलटी करावी. ज्या शेगडीत नळी एका स्क्रूने सुटते, तेथे ती काढून बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने आतून घासावी आणि उन्हात वाळवावी. नळीच्या जेटकडील तोंडाशी हवेची खिडकी असते. ती कमीजास्त करता येणारी असेल, तर तिची मूळची जागा पेनने खुणावून ठेवावी आणि मगच किंचित उघडून ज्योत पाहावी. काचेची शेगडी असेल किंवा गॅस नळाने येत असेल, तर येथेच थांबावे. काच उलटी करताना तडकते, आणि नळाच्या गॅसची जोडणी सोडवणे हे घरच्या माणसाचे काम नाही.

रबरी नळी

सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची नारिंगी नळी तिच्यावर छापलेल्या तारखेप्रमाणे बदलावी, साधारण ५ वर्षांनी. ती कोठे चिमटली आहे का, ओट्याच्या कडेवर दबली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, हे हात फिरवून पाहावे. दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडे फुगू लागले, तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारी माणसे मला आजही भेटतात, तसे कधीही करू नये. नळाच्या गॅसवर आणखी सोपी चाचणी आहे : रात्री झोपताना शेगडी व गीझर बंद करून मीटरचा आकडा लिहावा आणि सकाळी काहीही पेटवण्यापूर्वी पुन्हा पाहावा. आकडा पुढे सरकला असेल, तर व्हॉल्व्ह बंद करून कंपनीला कळवावे.

सिलिंडर संपत आला की तो आडवा करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे हा गॅस वाचवण्याचा उपाय नव्हे. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव गॅस नळीत येऊ शकतो. किती उरला आहे हे पाहायचे असेल, तर ओल्या फडक्याने सिलिंडर पुसावा. द्रव असलेला खालचा भाग थंड असल्यामुळे उशिरा वाळतो आणि ओल्या-कोरड्याची रेघ स्पष्ट दिसते.

येथे थांबून माणूस बोलवावा

जेट, नॉबच्या आतला कॉक (गॅस चालू-बंद करणारी तोटी) आणि रेग्युलेटर या तीन वस्तू घरी उघडू नयेत. नॉब कडक झाला असेल तर त्यात खोबरेल तेल सोडू नये. उष्णता सोसणारे विशिष्ट ग्रीस त्यासाठी लागते आणि कॉक खोलून पुन्हा बसवताना थोडी चूक झाली तरी तो गळतो. रेग्युलेटर दुरुस्त होत नाही, वितरकाकडून बदलून घ्यावा लागतो.

"फट्" आवाजानंतर ज्योत बर्नरवर न दिसता खाली नळीत जळत असल्याचा सूं-सूं आवाज येत असेल, तर नॉब त्या क्षणी बंद करावा. टोपी बसवून, स्वच्छ करूनही तेच दुसऱ्यांदा झाले, तर तिसरा प्रयत्न करू नये.

घर बदलले असेल, तर विशेष काळजी घ्यावी. सिलिंडरच्या गॅसमध्ये घनफळाच्या हिशेबाने नळाच्या गॅसच्या सुमारे अडीच पट उष्णता असते, म्हणून दोहोंचे जेट वेगळे असतात. सिलिंडरची शेगडी नळाला जोडली, तर आच मरतुकडी येते आणि लोक तासभर डाळ शिजवत बसतात. नळाची शेगडी सिलिंडरला जोडली, तर गॅस अतिशय जास्त सुटतो, पिवळ्या ज्वाळा टोपाच्या बाजूने वर येतात; ती क्षणभरही वापरू नये. दोन्ही वेळा जेट बदलून घ्यावे लागतात आणि ते काम अधिकृत तंत्रज्ञाचे आहे.

गॅस गीझरची ज्योत पिवळी दिसली किंवा आंघोळ करताना डोके जड झाले, तर प्रश्न बचतीचा राहत नाही. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेतो. गीझर बंद करून बाहेर यावे आणि तो दुरुस्त होऊन, त्याचा धूर बाहेर जाण्याची व्यवस्था झाल्याशिवाय पुन्हा लावू नये.

तंत्रज्ञ आला की त्याच्याकडून तीन गोष्टी समोर करून घ्याव्यात : काढलेला जुना जेट व नवा जेट शेजारी ठेवून दाखवणे, काम झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावणे, आणि पाण्याने भरलेला स्वच्छ टोप पाच मिनिटे ठेवून त्याचे बूड दाखवणे. "ज्योत निळी आली ना, झाले तर" असे म्हणून तो पिशवी आवरू लागला, तरी टोप ठेवायला सांगावे. मी स्वतः तो टोप घरच्यांनाच उलटा करायला सांगतो.